भोवरा दाखवणारी सुनंदा

जुलैतल्या एका दुपारी सुनंदाच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, शाळेपाशी या... सुनंदा सापडत नाहीये." सापडत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं असावं, कारण मी अनवाणीच जिना उतरले.

जुईनगरच्या आमच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. गेल्या वर्षी, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, तिनं सातवीसाठी पाण्याचा भोवरा करायला घेतला. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून पारदर्शक प्लॅस्टिकची उंच नळी आणली, बुडाला भोक पाडून घेतलं, गळती थांबवायला कुकरची जुनी रिंग बसवली. पण पाणी नुसतंच सरळ खाली जायचं, भोवरा काही धरेना. शेवटी तिनं कडेनं तिरकी धार सोडली आणि पाणी गरगरायला लागलं... मी टाळ्या वाजवल्या. ती मात्र बघतच राहिली.

"माझी मोठी बहीण गावच्या नदीत अशीच गेली," ती म्हणाली. "वरून काहीच वाटत नव्हतं गं. जरासं पाणी फिरत होतं, बस."

वर्गात तिनं त्यात थर्माकोलची गोळी सोडली. गोळी कडेकडेनं मजेत फिरली, मुली हसल्या. मग फेऱ्या लहान होत गेल्या, वेग वाढला आणि गोळी आत खेचली गेली. हसू थांबलं.

"पाणी एका जागी फिरताना दिसलं, की खाली वाट आहे असं समजायचं," सुनंदा म्हणाली. "रस्त्यावरसुद्धा."

तो फोन आला त्या दिवशी पावसामुळं शाळा लवकर सोडली, तेव्हा फाटकाबाहेर गुडघाभर पाणी होतं. ते एका जागी फिरताना तिला दिसलं. गटाराला झाकण नव्हतं. छत्री आडवी धरून ती तिथंच उभी राहिली, ओरडत राहिली, "भिंतीच्या कडेनं जा रे!" मुलं पलीकडे गेली... सगळी सुखरूप गेली. तेवढ्यात एक टेम्पो जोरात आला, त्याच्या लाटेनं तिचा पाय निसटला. वॉचमन धावला, त्याच्या हाती छत्री तेवढी लागली. दुसऱ्या दिवशी ती खाडीपाशी सापडली, नाल्याच्या तोंडाशी.

परवा पुन्हा पाणी भरलं. शाळा सुटायच्या वेळी मी मुद्दाम जाऊन फाटकाशी उभी होते. तिच्या वर्गातल्या मुली, आता आठवीतल्या, बाहेर आल्या, थबकल्या. लहानग्यांना मधे घेऊन त्यांनी हातांची साखळी केली.

"अगं, झाकण बसवलंय आता," मी म्हणाले.

"माहितीये, मॅडम," पुढची मुलगी पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. हात तिनं सोडला नाही.