हात न लावलेले बोंड

समुद्रपूरच्या मधुकरराव ढोबळे सरांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीने झाली. ती चूक आजही त्यांच्या कपाटात आहे.

वीसेक वर्षांपूर्वी मी वृत्तपत्रासाठी त्यांच्या स्फटिकसंग्रहावर लिहायला गेलो होतो. सर शाळेत भूगोल शिकवत. कुठे विहीर खोदतात असे कळले, की सुट्टीच्या दिवशी सायकलने तिथे पोचत आणि सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळ्या तपासत.

कपाटात हिरवट, गुलाबी खडे होते. मधोमध, दगडाच्या खोबणीत, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे काहीतरी पांढरेशुभ्र होते. मी कापूस पिकवणाऱ्या घरचा. विचार करण्याआधीच चिमूट वेचायला गेली. केसाहून बारीक सुया अंगठ्याखाली दबल्या, त्या कायमच्या. ते ओकेनाइट नावाचे दुर्मीळ खनिज होते.

"अवो भाऊ, मी वडनेरहून एसटीत मांडीवर आणलं, पण बोट नाई लावलं त्याले!" सरांच्या पत्नी सुशीलाकाकू कळवळून म्हणाल्या. बहिणीच्या शेतात विहिरीतून काढलेल्या दगडांत त्यांनाच ते सापडले होते.

सर मात्र हसले. "जाऊ दे वं. कापसाच्या घरचा हात हाय, येचणारच."

प्रत्येक खड्यापाशी सरांनी चिठ्ठी ठेवली आहे. तीवर खनिजाच्या नावाआधी तो ज्याला सापडला त्याचे नाव असते. एका विहीर खोदणाऱ्याने आपले नाव वाचून घेतले, तेव्हा तो बराच वेळ कपाटासमोरून हलला नाही. बोंडाच्या चिठ्ठीवर 'सौ. सुशीला' असे आहे. त्याखाली माझ्या अंगठ्याची नोंद करावी, असे मी म्हटले. सरांनी ती केली नाही.

काकूंना जाऊन तीन वर्षे झाली. त्यानंतर काचबिंदूने सरांची दृष्टी गेली. बाकीचे खडे ते बोटांनी ओळखतात. हे एकच त्यांना चाचपता येत नाही.

गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा त्यांनी कपाट उघडायला लावले. "कसं दिसून राह्यलं, सांगा."

मी सांगू लागलो. शब्द तोकडे पडत होते.

"ते राहू द्या. तुमचा अंगठा दिसते काय?"

"दिसतो, सर."

"मंग तेच हाय. कोणी बदललं नाई."

मला राहवले नाही. "सर, एकदा हात लावून पाहा. आता काऊन जपता?"

त्यांनी हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला आणि मांडीवर ठेवला. "तिनं नाई लावला. मी कसा लावू?"

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, आणि ते एकाकी नसावे. म्हणून वाचकांना विनंती आहे. समुद्रपूरला उतरलात, तर सरांकडे जा. कपाट उघडा, पांढरे बोंड नीट पाहा आणि कसे दिसते ते त्यांना सावकाश सांगा. हात मात्र लावू नका.