कचराआत्या

आमच्या आत्याला कोणी नाव विचारलं की ती पदर सावरून, स्पष्ट आवाजात सांगायची, "कचराबाई." जबलपूरसारख्या हिंदी शहरात या नावाचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात समोरचा माणूस एकदा कागदाकडे आणि एकदा तिच्याकडे बघायचा. "माताजी, नाम पूछ रहे हैं, काम नहीं." आत्या तेच नाव आणखी मोठ्यानं सांगायची. सकाळी अधारतालच्या आमच्या गल्लीत नगर निगमची गाडी गाणं वाजवत आली की समोरची मुलं ओरडायची, "अम्मा, आपकी गाड़ी आ गई!" मी लाजेनं आत पळायची. आत्या डबा घेऊन बाहेर जायची, आणि त्या मुलांबरोबर स्वतःही हसायची.

या नावाची गोष्ट मी तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकली. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात तिच्या आधीची चार भावंडं एकामागून एक गेली होती. नावं सगळ्यांची गोड. पाचवी ही. आईनं तिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं, "कोणाचं गं हे टाकलेलं पोट्टं?" असं म्हणत उचलून परत आणून दिलं. टाकून दिलेल्या पोरीकडे मरण कशाला बघेल? म्हणून कचरा. ती जगली, पण तिचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नव्हतं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. इथल्या फॅक्टरीत कामाला लागल्यावर ते तिला घेऊन आले.

बाबा विचारानं पक्के. विहारात भाषणं करायचे. त्यांना हे नाव सहन होत नसे. त्यांनी एकदा तिच्यासाठी 'करुणा' असं नाव लिहून अर्ज तयार केला, नुसता अंगठा करायचा बाकी ठेवला. आत्यानं तो घडी घालून त्यांच्याच खिशात ठेवला. "छान आहे, भाऊ. पण छान नाव ऐकलं की मरण वळून बघते, असं आई म्हणे. मला नको."

ही भीती तिच्या सगळ्या वागण्यात होती. ती अंगणवाडीत मदतनीस होती. मुलांची वजनं करायचं काम तिच्याकडे आलं, तर काटा बघून ती नुसतं म्हणायची, "बरं आहे." मॅडम चिडायच्या, "कचराबाई, बरं है कितना होता है?" मग ती मॅडमच्या कानाशी जाऊन आकडा सांगायची. कोणी बाळाचं कौतुक केलं की ती घाईघाईनं म्हणायची, "कुठं, काळं बेंद्रं तर आहे." मी मोठी झाले, शाळेत शिकवायला लागले, आणि तिला समजावूही लागले. ती ऐकून घ्यायची. "तू शिकलेली आहेस, तुला भीती नाही. चांगलं आहे."

पाच वर्षांपूर्वी मला सातव्याच महिन्यात मुलगा झाला.

त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. माझ्या तळहाताएवढी त्याची पाठ. पायाला पट्टी, तिच्यावर लिहिलेलं, 'बेबी ऑफ प्रज्ञा'. नाव आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, रेयांश. मोबाईलवर शोधून, ओळखीत कोणाचंच नाही म्हणून निवडलेलं. पण तो जन्मल्यावर मी आणि माझा नवरा विवेक, दोघांपैकी एकानंही ते उच्चारलं नाही. सिस्टर फॉर्म घेऊन आली, तर विवेक म्हणाला, "बाद में लिखेंगे." मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्यानंही माझ्याकडे बघितलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी पेटीजवळ बसले होते. अचानक यंत्र वाजायला लागलं. त्याची छाती हलत नव्हती. ओठ निळे होत गेले. सिस्टर धावत आली आणि त्याच्या तळपायावर टिचक्या मारू लागली. एक, दोन, तीन. मला उठता येईना. मग त्यानं अंग आक्रसलं आणि तो बारीकसा कण्हला. "हो जाता है, टाइम से पहले का बच्चा है," असं म्हणून ती दुसऱ्या पेटीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी दूध काढून विवेकच्या हाती दिलं, पण आत गेले नाही. मी बघत असते तेव्हाच तो श्वास सोडतो, असं माझ्या मनानं घेतलं होतं. विज्ञान शिकवणारी मी! त्याच्या पुढच्या दिवशीही जिन्यावर बसून राहिले. आत्या डबा घेऊन आली. तिला आत सोडत नसत.

"काहून बसून राहिली इथं?"

"भीती वाटते."

"हाक मारतेस का त्याला?"

"काय म्हणून मारू? नाव नाही ठेवलं."

ती माझ्या शेजारी बसली. आता ही कचरा, धोंडा असलं काही ठेवायला सांगणार आणि मला ओरडावं लागणार, असं वाटलं.

"तुला एक सांगतो," ती म्हणाली. बोलण्याच्या भरात ती कधी कधी बायामाणसांतही 'सांगतो' म्हणायची. "नावानं काही जीव वाचत नाही. माझ्यानंतर, तुझ्या बापाच्या आधी, एक भाऊ झाला होता. त्याचं नाव दगडू ठेवलं. अकरा महिन्यांचा होऊन गेला."

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. "मग तुझं नाव..."

"माझी मी वाचली, बस." ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "पण ऐक ना. चार पोरं गेल्यावर आईची जीभ छान नावासाठी उचलतच नव्हती, बाप्पा. छान नावानं किती स्वप्नं बघावी लागतात! दगडू म्हणायला भीती नाही वाटे. अकरा महिने तिनं त्याला दिवसभर हाका मारल्या. बिनहाकेचा नाही गेला तो."

मी रडत होते. तिनं माझी पाठ चोळली नाही, की समजूतही घातली नाही.

"जा. दगडूच म्हण. छान नाव मागून ठेव."

मी हात धुतले, गाऊन घातला, आत गेले. पेटीच्या गोल खिडकीतून बोट आत घातलं आणि म्हटलं, "दगडू." पुन्हा म्हटलं. त्यानं माझं बोट धरलं. सिस्टरनं विचारलं, "दगडू मतलब?" मी सांगितलं, "पत्थर." "अच्छा है," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत अख्खा वॉर्ड विचारत होता, दगडू ने दूध पचाया कि नहीं.

आणखी दोनदा त्याचा श्वास थांबला. दोन्ही वेळा मी तिथं होते आणि त्याला हाका मारत होते. पस्तिसाव्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. जन्माच्या दाखल्यावर रेयांश लिहिलं. आत्यानं तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हं. आता लिहा."

गेल्या हिवाळ्यात आत्याला न्यूमोनिया झाला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मोठे झालेले. मी शेजारी बसले होते. तिनं मास्क बाजूला सारला. "भीती वाटून राहिली गं." मी तिचा हात धरला. "आत्या, मी आहे ना."

तिनं मान हलवली. "आत्या नको. नावानं म्हण. नावानं म्हणणारे गेले सगळे."

थोरांना नावानं हाक मारायची आमच्याकडे पद्धत नाही. माझी जीभ अडखळली. मग मी तिच्या कानाशी वाकले आणि तिची आई म्हणत असेल तसं म्हटलं, "कचरे."

"ओ," आत्या म्हणाली, अंगणात खेळणाऱ्या पोरीसारखी, लांबवून. मी पुन्हा हाक मारली. ती पुन्हा 'ओ' म्हणाली. तिचा आवाज येत होता तोवर मी हाका मारत राहिले.