त्यांचं दुखणं आणि माझं जळणं

“याला पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात,” धरमपेठेतले मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, जरा मराठीत सांगा. “जीवावरचा प्रसंग कधीच संपून गेलेला असतो, पण शरीराला ते कळत नाही. ते पहाऱ्यावरच राहतं.” आमचे हे तेव्हाही डॉक्टरांकडे नाही, दाराकडे बघत होते.

हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. आम्ही हुडकेश्वरला घर बांधलं. मला वाटलं, आता नवरा माझा. पण हे हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसायचे, फाटकाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. एकदा गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला, तर यांनी जेवत्या पाहुण्यांना ताटांवरून ओढून जमिनीवर पालथं पाडलं. पाहुणे परत आले नाहीत.

छातीत धडधडतं म्हणाले म्हणून ईसीजी केला, टूडी इको केला, थायरॉइड तपासलं. सगळं नॉर्मल. रिपोर्टची वाट बघत मी किती बाकड्यांवर बसले, त्याचा हिशोब नाही. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच मानसोपचाराची चिठ्ठी दिली.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, “पीअर सपोर्ट मिळाला तर बघा. म्हणजे ज्याच्यावर हे बेतलंय, त्यानंच त्यातल्या दुसऱ्याला हात द्यायचा.” आमच्याच भागात माजी सैनिकांनी चालवलेला एक गट होता. सुभेदार ढोमणे त्याचे म्होरके. दर रविवारी सकाळी त्यांच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये सगळे जमायचे. आधी गिनती, म्हणजे हजेरी, मग चहा, मग बोलणं. नव्या माणसाला एक जोडीदार मिळतो, त्याला ते बडी म्हणतात. यांचे बडी वासनिक, बँकेत गार्ड आहेत.

आणि माझं जळणं सुरू झालं. सरळच सांगते, कारण तुमचा माणूस अशा गटात जाऊ लागला, तर तुमच्याही घरी हे होईल आणि तुम्ही कोणाला सांगणार नाही. घरात माझ्याशी ‘हो’, ‘नाही’, ‘भूक नाही’. वासनिकांचा फोन आला की हे गच्चीवर, आणि तिथून हसण्याचा आवाज! घरची करते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, असं म्हणतात. माझी सवत तर मिशीवाली निघाली, तीही एक नाही, अख्खी पलटण.

एका दुपारी वासनिक यांना न्यायला आले. हे दिवाणावर झोपले होते. मी म्हटलं, “उठवू नका जी, अंगावर येतात.” मागे एकदा मी खांद्याला हात लावून उठवलं होतं, तर झोपेतच माझं मनगट पिरगाळलं. सासरी मी बाथरूममध्ये पडले म्हणून सांगितलं.

वासनिक दिवाणाच्या पायथ्याशी गेले. यांच्या पायाचा अंगठा दाबला, हळूच म्हणाले, “उठ गा, मी वासनिक,” आणि दोन पावलं मागे सरकले. यांनी डोळे उघडले. शांतपणे. वर हसलेही.

“तुम्हाले कसं जमलं?” मी विचारलं.

“फौजेत झोपलेल्याच्या खांद्याले कोनी हात लावत नाही, वहिनी. पाय दाबाचा, नाव सांगाचं, मंग मागं सराचं. ह्यानं तुमाले सांगतलं नाही?”

नाही सांगितलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून माझ्या नवऱ्याला उठवायचं कसं, हे मला बँकेच्या गार्डनं शिकवावं? आभार मानायचे सोडून मी भांडी आदळली.

पुढच्या रविवारी पोह्यांचा डबा घेऊन मी थेट ढोमण्यांच्या शेडवर धडकले. पोहे निमित्त होतं, मला ऐकायचं होतं. आतून यांचा आवाज येत होता. एवढं सलग बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं. मग आवाज फुटला. हे रडत होते. माझ्यासमोर हे आपल्या आईच्या मयतीतही रडले नव्हते.

ढोमणे साहेब बाहेर आले. “वहिनी, आत नका येऊ. तुमी दिसल्या का हा चूप होईन.”

“मी बायको आहे त्यांची!”

“म्हनूनच. तुमच्यासमोर त्याले मजबूत राहा लागते. आमच्यासमोर नाही लागत.”

मी डबा घेऊन परत आले. रागारागानं सगळे पोहे एकटीनं खाल्ले, आणि मग मीही रडले.

यांच्यात फरक पडत गेला. मी अंगठा दाबून उठवू लागले. हे लग्नकार्यात चारचौघांत बसू लागले. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. त्या शेडमधल्या माणसांचे उपकार माझ्याच्यानं फिटणार नाहीत. तरी रविवार उजाडला की पोटात दुखायचंच.

मग एक दिवस ढोमणे साहेबांचा फोन माझ्यासाठी आला. कुहीकडचा एक नवा जवान गटात आला होता. “त्याच्या बायकोसंग जरा बोलता का, वहिनी? आमच्यानं नाही जमत.”

मी तिला फोन लावला. पोरगी आधी ‘सगळं ठीक आहे जी’ म्हणाली. मलाही तेच म्हणायची सवय होती, म्हणून मी गप्प बसून राहिले. मग ती सुटली, आणि मागोमाग मीही सुटले. कशावर तरी दोघी मोठ्यानं हसलो. मग मी तिला सांगितलं, “एकदा तं म्या बॅग भरली होती वं. माहेरी जाऊन परत याचंच नाही, असं ठरवलं होतं. ऑटोही बोलावला होता.”

मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. हे दारात होते.

“बॅग भरली होती? मले तं कधी नाही सांगतलं तू.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी लगेच ओळखलं. तेच पोटदुखीचं तोंड घेऊन मी कितीतरी रविवार घरात फिरले होते.

“कोनाशी बोलून राहिली?” त्यांनी विचारलं.

“आहे एक. तिले समजते,” मी म्हटलं.

हे बाहेर गेले आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं, आम्हा दोघींना नीट बोलता यावं म्हणून.