काठावरचा पंप

विक्रोळीच्या आमच्या इमारतीतले शेजारचे काका दुकानात शिरले की आपण हा धंदा का काढला, असं दुकानदाराला वाटायचं. पंखा घ्यायचा तर घरून स्टूल नेऊन त्याखाली पेपर वाचत बसणार, आणि डुलकी लागली तरच पंखा पसंत. छत्री घेताना तर ती उघडून समोरच्या रसवंतीच्या नळाखाली उभे राहिले होते. "आपण मागाहून रडण्यापेक्षा विकणाऱ्याला आधी रडवावं," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

अशा माणसाने गावच्या विहिरीसाठी सौरपंप घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा घाटकोपर ते मुलुंडच्या पंपवाल्यांची मला दया आली. गावी त्यांची वहिनी एकटी. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना वाढवलं, कारखान्यात नोकरीला धाडलं. आता तिचा खांदा आखडला होता, रहाटाचा दोर ओढवत नव्हता. काका गावी जायचे ते गणपतीला. मे महिन्यात बाकीचे सुट्टीवर गेले की हे ओव्हरटाइम करायचे आणि ते पैसे वहिनीला पाठवायचे. निवृत्तीनंतर आता तिच्यासाठी पंप, म्हणून दर रविवारी मला घेऊन निघायचे. पॅनेलवर माकड बसलं तर? ढग सरकल्यावर पंप आपणहून चालू होतो की हाक मारावी लागते? एका दुकानात तर अंगातला सदरा काढून पॅनेलवर पसरला आणि पंप बंद पडल्यावरच गंजीफ्रॉकवर समाधानाने हसले. घाटकोपरच्या दुकानदाराने मात्र उलट त्यांनाच विचारलं, "काका, पाणी किती खोल?"

"अरे, आमच्याकडे वाकलं की कळशी भरते."

मग पाण्यात बुडवायचा कशाला, काठावर बसणारा पंप झकास, असं ठरलं. गणपतीत तो बसला. दोन दिवस आभाळ होतं, तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि पाणी धो धो आलं. काकांनी पंपाला हार घातला, आणि परत आल्यावर महिनाभर आम्हाला दुसरा विषय नव्हता.

मे महिन्यात गावाहून फोन आला, पंप नुसता घरघरतो, पाणी येत नाही. काका तडक गेले. विहिरीत डोकावले तर तळाशी जेमतेम पाणी चमकत होतं. काठावरचा पंप इतक्या खोलातून ओढणार तरी कसा? वहिनी बऱ्या हाताने दोर ओढत होती.

"वैनी, इतकी वर्सां बोललंस कित्याक नाय?"

"तुका काय सांगू? तू गणपतीक येतंस, तेवा बाव भरलेलीच आसता."

हे मला सांगताना काका खिडकीबाहेर बघत होते. मी जन्मभर त्यांची चेष्टा केली, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाटकोपरला गेलो. या खेपेला पाण्यात बुडवायचा पंप हवा होता. दुकानदाराने आधीच धास्तीने स्टूल पुढे केलं. काका बसले नाहीत.

"आता नीट सांगा, पाणी किती खोल?"

काकांनी पिशवीतून रहाटाचा जुना दोर काढून त्याच्यापुढे ठेवला. गावी नवा बांधून दिला होता.

"एवढं," ते म्हणाले.

दुकानदार टेप लावून मोजायला लागला. पिशवीतून दोर निघतच राहिला. माकडांबद्दल, ढगांबद्दल काकांनी काहीच विचारलं नाही. दोर त्यांच्या बोटांतून सरकत होता. धरून धरून गुळगुळीत झालेला भाग आला तेव्हा ते जरा थांबले, आणि मग त्यांनी दोर पुढे सोडला.