मागच्या अंगणातली धाप

दारोदार फिरून लोकांची मतं गोळा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. साबण, चहा, विमा, काय वाटेल ते तिने विचारलं होतं. लोक तिला ‘प्रश्नवाली’ म्हणत. समोरचा खरं बोलतोय की आपल्याला कटवतोय, हे तिला चपला काढायच्या आत कळे. या खेपेला काम प्राणिसंग्रहालयाचं होतं. वन्यप्राण्यांची माहिती देणारे वर्ग भरवले, तर लोक येतील का?

डोंगराच्या पायथ्याच्या वसाहतीत सगळ्यांनी एका सुरात नकार दिला. “आम्हाला काय करायचंय?” म्हणत दारं लावून घेतली. पण उकाड्याने जीव नकोसा झाला असताना घरांमागच्या सामाईक अंगणाकडची एकही खिडकी उघडी नव्हती. हे तिला खटकलं.

शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या शिंप्याने तिला बसायला सांगून पाणी दिलं. तिने खिडकीचं विचारताच त्याची बायको उठून आत गेली.

“गेल्या हिवाळ्यात बिबट्या शिरला होता अंगणात,” शिंपी म्हणाला. “भिंतीला चिकटून बसला होता. कुणाच्या अंगावर आला नाही. आम्हीच काठ्या घेऊन चारी बाजूंनी गेलो. मीपण होतो.”

“मग?”

“मग काय, मेला. अजून तिथून धाप लागल्यासारखा आवाज येतो. हिला येतो, शेजाऱ्यांनाही येत असणार. कुणी बोलत नाही.”

“मग वर्ग नको का म्हणताय?”

“तेव्हा काय करायला हवं होतं, ते ऐकायची छाती होत नाही, बाई.”

प्राणिसंग्रहालयाच्या कचेरीत साहेबांनी उत्तरं चाळली आणि “मागणीच नाही” म्हणून विषय संपवला. ती सहसा वाद घालत नसे. त्या दिवशी खुर्ची ओढून बसली.

“नको नाहीये त्यांना, साहेब. घाबरलेत. एकदाच भरवा, पण त्यांच्याच अंगणात.”

साहेब कुरकुरत तयार झाले. वसाहत पोराबाळांसकट आली. शिकवणाऱ्या ताईने सांगितलं, की वाट मोकळी ठेवून मागे सरकलं, तर बिबट्या बहुतेकदा आपणहून निघून जातो. मग शिंप्याची बायको हळूच म्हणाली, “ती मादी होती. थानांत दूध होतं तिच्या. मी पाहिलं. पिल्लं असतील का हो कुठे?”

“तेव्हा असणार,” ताई म्हणाली. “पण आईवाचून जगली नसतील.”

तरी पुढचा वर्ग त्यांनी स्वतःहून मागून घेतला.

प्रश्नवाली आता दंतमंजनाच्या कामावर फिरते. एखाद्या दाराशी तिला आतून धाप ऐकू येते, इथेही कुणी काही मनात दाबून बसलंय असं वाटतं, आणि बेलकडे गेलेला हात तसाच मागे येतो.