आमचं जड पाणी

कन्नड तालुक्याच्या स्टँडवर आबा माझ्या एस.टी.च्या खिडकीखाली उभे होते. एम.एस्सी. करून मला औरंगाबादला नोकरी लागली होती.

"कंपनी काय बनवती?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मी पाणी तपासणार, आबा." कंपनी बियरची होती, पण तो शब्द तोंडातून निघाला नाही. आबांचा धाकटा भाऊ, माझा काका, दारूपायी गेला होता.

सहा महिन्यांनी ते माझ्या औरंगपुऱ्यातल्या खोलीवर आले. टेबलावरच्या कंपनीच्या डायरीवर फेसाळत्या ग्लासाचं चित्र होतं. ते बघून आबा ताटावर बसेनात.

"माझ्यापासून लपवलंस कशापायी?"

तपासायला आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्या मी दोन पेल्यांत ओतल्या. एकात बोअरचं, दुसऱ्यात मशिनीत क्षार काढून मऊ केलेलं. आबांनी दोन्हींची चव घेतली आणि बोअरचा पेला पुढं सरकवला.

"हे जड हाय. डाळ शिजायची नाय यात."

"फिक्या रंगाची बियरही यात कडवट होते, घशाला खरखरते. ती खरखर काढायची, एवढंच माझं काम."

नोकरी त्यांना पटली नाही, पण काम समजलं. मग जेवले. वर आमटी मागून घेतली.

चार वर्षांनी मी चेक देशात बियरच्याच कारखान्यात नोकरीला आले. इथलं पाणी इतकं मऊ, की हाताचा साबण निघता निघत नाही. इथल्या फिक्या बियरची चव त्या पाण्यामुळंच, आणि लोकांना त्याचा भारी अभिमान. माझी मात्र कित्येक दिवस या पाण्यानं तहानच भागेना.

गेल्या हिवाळ्यात साहेबांनी काळी बियर करायला सांगितली. तिच्यात काळे होईस्तोवर भाजलेले जव पडतात, आणि ते आंबट असतात. मऊ पाण्यात बियर आंबट, तुरट झाली. दोनदा ओतून दिली. जड पाण्यातले क्षार आंबटपणा मारतात, म्हणून शेवटी भावाकडून आमच्या वाडीतल्या विहिरीच्या जड पाण्याचा तपासणी रिपोर्ट मागवला आणि तेच क्षार, त्याच मापानं इथल्या पाण्यात मिसळले. आंबटपणा गेला. साहेबांनी अख्खा ग्लास संपवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आबांना फोनवर सगळं सांगितलं.

"म्हंजी आपल्या पाण्यात खोट नाय."

"नाही, आबा."

"मी काय पिनार नाय ते," ते म्हणाले. "पर पाणी आपलंच वापर."

इथं कुणी गाव विचारलं, की मी आजवर औरंगाबाद सांगायचे, नकाशात सापडतं म्हणून. आता आमच्या वाडीचं नाव सांगते, आणि त्यांना नीट म्हणता येईपर्यंत सोडत नाही.