चाव्यावर उसाचा रस

तर काल कुठं होतो आपण? हां, माझी नात दिशा तिच्याबरोबरच्या पूजाच्या दंडाला चावली तिथं. आठवड्यातला तो तिसरा दंड. तिन्ही दंडांच्या आया अंगणवाडीत येऊन सेविका लंकाबाईंना म्हणाल्या, "फुडच्या शनवारपर्यंत बघतो. मग एक तर ही पोरगी ऱ्हाईल, न्हाई तर आमच्या." दिशा घरी बसली असती तर तिच्या आईचं कांदा निवडायचं काम सुटलं असतं.

लंकाबाई बावीस वर्षं शेवगावजवळच्या आमच्या वस्तीवर अंगणवाडी चालवतात. निम्मं गाव त्यांनीच नाक पुसून मोठं केलंय. त्यात सरपंचही आले. त्या दिशावर ओरडल्या नाहीत. दोन दिवस नुसत्या बघत बसल्या. मग मला बोलावलं.

"बाबा, ती चावली की मदतनीस तुमाला फोन लावती. तुमी येऊन काय करता?"

"समजावतो."

"कुठं?"

"रसवंतीवर. उसाच्या रसानं डोकं थंड ऱ्हातं."

लंकाबाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा दिशाकडं पाहिलं. दोघांचीही तब्येत सुधारलेली होती.

त्यांनी नियमच उलटा केला. चावली तर फोन नाही, रस नाही. जिला चावली तिचेच लाड. दिवस बिनचाव्याचा गेला, तर आजोबा आणि रस. शिवाय दिशाला शिकवलं, राग आला की मूठ आवळायची, तीनपर्यंत म्हणायचं, मग तोंडानं सांगायचं.

मंगळवारी ती दोनदा चावली. बुधवारी तीनदा.

"आधी वाढनार, मग उतरनार," लंकाबाई म्हणाल्या.

मला तिचं रडणं ऐकवेना. गुरुवारी खिडकीतून रसाची बाटली दाखवली. लंकाबाईंनी खिडकी लावली, आणि मला फाटकाबाहेर काढलं.

शुक्रवारी खिचडीच्या रांगेत पूजा मधेच घुसली. दिशानं मूठ आवळली, तोंड उघडलं. पूजानं आपला दंड पाठीमागं नेला.

"एक, दोन, तीन. आता माझा नंबर हाय!"

पूजा गुमान मागं सरकली.

शनिवारी तिघी आया आल्या. पोरींचे दंड उलटेपालटे करून पाहिले, ताजा चावा दिसेना, तशा पोरी तिथंच ठेवून गेल्या.

मी फाटकावरूनच विचारलं, "मग दिशाला ठेवता न्हवं?"

लंकाबाई म्हणाल्या, "दिशा ऱ्हाईल, बाबा. तुमी मातर सुट्टी झाल्यावरच येत जा. तुमची सवय अजून मोडली न्हाई."